परत आलेला तांदूळ

आमच्या गोंदियात तांदळाचा वास कुणाला येत नाही. बाहेरगावचा पाहुणा स्टेशनावर उतरतो, नाक वर करतो आणि विचारतो, "हे काय शिजतंय?" तेव्हा कुठे आपल्याला आठवतं, की राइस मिलच्या हौदांत धान उकळतंय, उसना तांदूळ बनतोय, आणि तो आंबूस-गोड वाफारा आपण जन्मापासून श्वासात घेतोय. माझं माहेर कामठ्याचं, धानाच्या बांध्यांमधलं. लग्न होऊन शहरात आले तीही मिलच्या मागच्या गल्लीत. तांदळाच्या वासाने एक दिवस तुला ओकारी येईल, असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

मी बी.कॉम. झालेली. घराजवळच्याच मिलच्या ऑफिसात बिलं, आवक-जावक, ट्रकच्या बिल्ट्या असली कामं करायची. मोठे शेठ जुन्या वळणाचे, पांढरा लेंगा, कपाळाला गंध, आणि दर वाक्याच्या शेवटी "समझे ना?" त्यांचा मुलगा पुण्याला मॅनेजमेंट शिकून परत आला आणि वर्षभरात त्याला गोंदिया लहान वाटायला लागलं. त्याला आम्ही छोटे शेठ म्हणायचो. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन तो म्हणाला, "नागपूर-रायपूर को चावल बेचते बेचते बाप बूढ़ा हो गया. अब जहाज से भेजेंगे. आप सीख लो म्याडम."

मी शिकले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. विशाखापट्टणमच्या बंदरातून आमचा तांदूळ निघायचा आणि आफ्रिकेला पार वळसा घालून तिच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचा. तिथली माणसंही आपल्यासारखाच उसना तांदूळ खातात, हे मला या नोकरीने शिकवलं. मालात कीड नाही असं सरकारी खात्याचं प्रमाणपत्र, धुरी दिल्याचा दाखला, जहाज कंपनीची पावती, सगळं माझ्याकडून जायचं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तिकडच्या बंदरात माल अडायचा. पहिला कंटेनर पोचल्याचा निरोप आला त्या दिवशी मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, आपल्या भागातला तांदूळ आफ्रिकेत गेला."

आई म्हणाली, "त्याईले वरन करता येते का?"

तर असे ते बरे दिवस होते. मग ते वर्ष आलं.

धानाची रोवणी आटोपत आली होती. एका संध्याकाळी दिल्लीहून हुकूम निघाला, की देशात तांदळाचे भाव चढताहेत, म्हणून बाहेर जाणाऱ्या उसन्या तांदळावर कर. हुकूम निघाला तेव्हापासूनच लागू. आमचे भरलेले कंटेनर तेव्हा विशाखापट्टणमच्या यार्डात जहाजाची वाट पाहत उभे होते. मी छोटे शेठना म्हटलं, "माल परत आणू. हा कर भरून सौद्यात काही उरत नाही, अन् पावसाळ्यात तिथे ठेवणं बरं नाही."

"सरकार है," तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "आज लगाया, कल हटा देगी. रुको."

आम्ही थांबलो. सरकारने कर हटवला नाही. तिकडे समुद्रकिनारी दिवसभर ऊन, मध्येच वादळी पाऊस, पुन्हा ऊन. आमचा बंदरातला क्लिअरिंग एजंट तेलुगू माणूस होता, हिंदी मोडकी पण नेमकी बोलायचा. त्याने मला फोनवर सांगितलं, "म्याडम, डिब्बा पसीना छोड़ता है. दिन में गरम, रात में ठंडा. छत से पानी गिरता है बोरी पे. अंदर बारिश होती है." मी हे छोटे शेठना सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी तो चिडून म्हणाला, "आप चावल की माँ हो क्या?"

पुढे केव्हातरी तिकडच्या खरेदीदाराने सौदा मोडायची धमकी दिली, तेव्हा छोटे शेठने कर भरला आणि माल रवाना केला. निघण्याआधी दारं उघडून पाहायला हवी होती. धुरी पुन्हा द्यायला हवी होती. ते केलं नाही. नवा दाखला मात्र आला. तो माझ्या टेबलावरून गेला नाही. छोटे शेठने बंदरातल्याच कुणा दुसऱ्या माणसाकडून परस्पर करून घेतला होता, हे मला नंतर कळलं.

जहाज पोचलं आणि एका दुपारी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ आला. तिकडच्या बंदरातला, गणवेश घातलेला एक काळासावळा अधिकारी कंटेनरचं दार ओढतो. दार अर्धं उघडतं. तो एक पाऊल मागे सरतो, कोपराने नाक झाकतो, आणि हात हलवून दार बंद करायला सांगतो. एवढंच. पण बंद व्हायच्या आत आतली पहिली थप्पी दिसली होती. पांढऱ्या पोत्यांवर हिरवट-काळे डाग चढलेले, आणि पोत्यांच्या शिवणीतून काहीतरी बारीक, तपकिरी, हलतं बाहेर येत होतं.

पाठोपाठ खरेदीदाराचा फोन. हा माणूस नेहमी आधी माझ्या घरच्यांची चौकशी करायचा. त्या दिवशी केली नाही. इंग्रजीत सावकाश, शब्द जुळवत म्हणाला, "मॅडम, आमचे लोक गरीब आहेत. पण ते गुरं नाहीत."

मी ते वाक्य जसंच्या तसं हिंदीत करून छोटे शेठना सांगितलं. वाटलं होतं, त्याला लाज वाटेल. तो खुर्चीत मागे रेलून हसला. "लो, अब अफ्रीका वाले भी नखरे करने लगे."

किडा आपल्या स्वभावाने वागतो. पण माणूस असं हसतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही.

तिकडच्या सरकारने दोन वाटा ठेवल्या. माल तिथेच जाळा, नाहीतर परत न्या. तिथे जाळायचा तर त्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या नियमाने. छोटे शेठला ते नको होतं. "वापस मंगाओ," तो म्हणाला. का, ते मला तेव्हा उमगलं नाही.

तो तांदूळ समुद्रावरून जाऊन परत विशाखापट्टणमला आला. आता गंमत अशी, की आपलाच तांदूळ, आपल्याच बंदरात, पण तो परदेशी झालेला. आयात माल म्हणून त्याचे कागद. मी आणि छोटे शेठ गोंदियाहून गाडीने तिकडे गेलो. कस्टमच्या खिडकीतल्या बाईने चष्म्यावरून पाहत विचारलं, "कौन से देश का माल है?"

"भारत का."

"आ कहाँ से रहा है?"

"आफ्रिका से."

"आप लोग वहाँ से चावल मँगाते हो?"

"नहीं म्याडम. हमारा ही है. उन्होंने लौटाया है."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सासरहून परत पाठवलेल्या मुलीच्या आईकडे लोक पाहतात. मग अन्न खात्याचा माणूस नमुना घ्यायला आला. त्याने हातमोजे घातले, तोंडाला दोन मास्क लावले. छोटे शेठ तिथे नव्हताच. "मुझे स्मेल की एलर्जी है," म्हणून तो हॉटेलात बसला होता. नमुन्याचा निकाल सरळ होता, की माणसाने खायच्या लायकीचा नाही. माल सोडला तो एका अटीवर. तांदूळ खळ बनवणाऱ्या कारखान्यात जाईल, माणसाच्या ताटात येणार नाही, आणि तो कुठे गेला याचा पुरावा दिला जाईल. कंपनीच्या वतीने त्या अटीवर मी सही केली. मला बरंच वाटलं. एकदाचा हा घाण माल कुठेतरी कपड्यांना, कागदाला लागेल, आपण सुटलो.

पण ट्रक खळीच्या कारखान्याकडे गेले नाहीत. गोंदियाला आले. आमच्याच मिलच्या फाटकातून आत.

आता इथे मावशीबद्दल सांगायला हवं. मिलमध्ये बाया कामाला होत्या. तांदूळ निवडणं, पोती शिवणं, झाडलोट. अशा मजूर बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात. त्या साऱ्या जणींची म्होरकी म्हणजे मावशी. सालेकशाच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाची गोंड बाई. हातभर गोंदण, आवाज असा की चालू मिलमध्येही ऐकू जावा. मोहफुलं अन् तेंदूपत्ता वेचायचे दिवस सोडले तर बाकी वर्षभर ती पॅसेंजर गाडीने रोज गोंदियाला यायची. मोठे शेठसुद्धा तिच्याशी जपून बोलायचे.

ट्रकची ताडपत्री सोडली आणि अख्खी मिल थांबली. खरंच थांबली. हमाल मागे हटले. तो वास मी कसा सांगू? उसन्या तांदळाचा ओळखीचा आंबूसपणा त्यात होता, म्हणूनच तो जास्त भयंकर होता. आपल्या घरातल्या माणसाचं प्रेत कुजावं तसा. त्यावर धुरीच्या गोळ्यांचा लसणासारखा उग्र दर्प, ओल्या गोणपाटाचा वास, आणि खाली काहीतरी गोडसर, चिकट. पोती फाडली तर आत तांदूळ मोकळा नव्हताच. ढेपा. हिरव्या, काळ्या, मध्येच गुलाबी. ढेप फोडली की आतून जाळ्याचे तंतू ताणले जायचे आणि सोंडे भराभर पांगायचे. एका पोत्यातून उंदराचं सुकलेलं पिल्लू निघालं, तांदळाचं पीठ लावल्यासारखं लडबडलेलं.

छोटे शेठने रेजांना कामाला लावलं. ढेपा फोडा, चाळा, वाळवा. बाया पदर बांधून बसल्या. अर्ध्या दुपारीच एक बाई भिंतीकडे धावली आणि ओकली. मग दुसरी. मावशी उठली, ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "म्याडम, हे कायले चाळून राह्यलो आमी? कारखान्यात जाते म्हनते नं हे? मंग चाळाले काऊन पायजे?"

त्याच क्षणी मला उमगलं, माल परत का मागवला ते.

वाळवलेला, चाळलेला तांदूळ मिलमध्ये गेला. पॉलिशच्या यंत्राने वरचा थर खरवडला, रंग पाहून खडे-डाग उडवणाऱ्या यंत्राने काळे दाणे बाहेर फेकले. संध्याकाळी छोटे शेठने मला बोलावून टेबलावर एक वाटी सरकवली. पांढराशुभ्र, चकचकीत दाणा. तो बोटांनी खेळवत म्हणाला, "देखो. मोती." मी वाटी नाकाशी नेली. वास होता. कमी झाला होता, पण तळाशी होताच, जसा कितीही घासला तरी डालड्याच्या डब्याला राहतो.

"शेठ, हा तांदूळ माणसांनी खायचा नाही, असं लिहून दिलंय आपण."

"आपने दिया है," तो म्हणाला. "साइन किसकी है?"

हे असं. माझ्या सहीचा उपयोग त्याने आधीच ठरवून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शिजवून पाहायचं ठरवलं. वसतिगृहांना धान्य पुरवणारा एक ठेकेदार यायचा होता, त्याच्यासाठी. मागच्या आवारात मोठं पातेलं चढलं. तमालपत्र, लवंग, भरपूर तूप. वास मारायला जे जे घालता येतं ते घातलं. ठेकेदार आला, पांढरे बूट, सोन्याचं कडं. त्याने झाकण काढून पाहिलं, चमच्याने भात वरखाली केला, एक शीत दोन बोटांत दाबून बघितलं. तोंडात नाही घातलं. "चल जाएगा," म्हणाला. छोटे शेठनेही खाल्लं नाही. मोठे शेठ तर आवारात आलेच नाहीत. आणि मग छोटे शेठने पातेल्याकडे बोट करून सहज सांगितलं, "अब ये बाइयों को बाँट दो. खाना फेंकना नहीं चाहिए."

अन्न फेकू नये म्हणे!

बाया डबे घेऊन जेवायलाच बसल्या होत्या. मावशी उठली. तिने पातेल्यातून एक डाव भात ताटलीत काढला, सरळ छोटे शेठपुढे जाऊन ताटली धरली.

"तुमी खाऊन दाखवा नं शेठ. एक घास."

"मैंने खाना खा लिया है."

"एक घासानं पोट फुटते का?"

"मावशी, ज्यादा मत बोलो."

"मी कुठं बोलून राह्यली? मी त वाढून राह्यली."

ठेकेदार हसायला लागला. छोटे शेठचं तोंड लाल झालं. त्याने ताटलीला धक्का दिला आणि भात मावशीच्या लुगड्यावर सांडला. ती हलली नाही. खाली पाहिलं, लुगडं झटकलं, आणि बायांकडे वळून म्हणाली, "चला वं. उठा."

बाया उठल्या आणि फाटकाबाहेर जाऊन बसल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. आपापले डबे उघडून भाकर-भाजी खाल्ली आणि गाडीच्या वेळेला घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. शेठने दुसऱ्या मोहल्ल्यातून दुसरी माणसं आणली. काम थांबलं नाही.

भात सांडला त्या संध्याकाळी मी घरी येऊन अंगावरून दोनदा पाणी घेतलं, तरी वास केसांत होता. माझा नवरा वीज मंडळात लाइनमन आहे, सरळ माणूस. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुले का करायचं हाय? सोडून दे नोकरी अन् मोकळी हो."

"अन् सही?"

"मंग कायले केली?"

"कारखान्यात जाईल म्हणून केली."

मी कॉलेजात होते तेव्हा गोंदियातल्याच वसतिगृहात राहायचे. भातात सोंडे असायचे. आम्ही ते ताटाच्या कडेला ओळीने लावायचो आणि हसायचो. दुसरं करणार काय. ते मला आठवलं. आता त्याच वयाच्या मुलींच्या ताटात हा तांदूळ जाणार होता, आणि त्यांना कडेला लावायला सोंडेही सापडणार नव्हते. यंत्राने ते उडवले होते. विष तेवढं दाण्यात राहिलं होतं, पांढरंशुभ्र.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या जिल्ह्याच्याच अन्न खात्याच्या कार्यालयात तक्रार घेऊन गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "अहो ताई, पॉलिश मारल्यावर काय राहतं त्यात? आपण लहानपणी किडके गहू नाही खाल्ले? काय झालं आपल्याला?" मी घोट न घेताच उठले. जिना उतरताना त्यांचा आवाज आला. फोनवर कुणाला तरी "शेठजी" म्हणत होते.

मग मी विशाखापट्टणमच्या त्या बंदरातल्या कस्टम खात्याला मेल लिहिला. फार लिहिलं नाही. माल खळीच्या कारखान्यात गेलेला नाही, मिलमध्ये आहे, पॉलिश होतोय, अटीवर सही माझी आहे म्हणून कळवते आहे, एवढंच. खाली माझं नाव.

मला वाटलं नव्हतं काही होईल. पण झालं. का झालं, तेही सांगते. कुणाला वसतिगृहातल्या मुलींची दया आली म्हणून नाही. बंदरातून शेठना पत्र आलं की अट मोडली असेल तर तुमचा आयात-निर्यात क्रमांक गोठवू. म्हणजे यापुढे एक दाणा जहाजावर चढणार नाही. छोटे शेठ पत्र हातात घेऊन ऑफिसात उभा होता, आणि पहिल्यांदाच मी त्याला घाबरलेलं पाहिलं. फाटकाबाहेर बसलेल्या बायांमुळे त्याला काही झालं नव्हतं, परदेशातल्या माणसाच्या बोलण्याने नाही, माझ्या सांगण्याने नाही. पण हा क्रमांक गेला तर, या विचाराने त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्याची भीतीसुद्धा मला घाण वाटली.

"ये आपने किया?" त्याने विचारलं.

"हो."

"क्यूँ?"

"सही माझी होती नं."

मोठे शेठ त्या दिवशी ऑफिसात आले. मला वाटलं, आता मला काढतील. त्यांनी मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गंध लावलेलं कपाळ चोळलं आणि म्हणाले, "गड्ढा खुदवाओ. समझे ना?" मग मला म्हणाले, "बेटी, घर की बात घर में बोलना था." ते प्रेमाने बोलले. तेच जास्त वाईट वाटलं. मी घरात बोलले होतेच की. घराला ऐकू आलं नव्हतं.

शहराबाहेर मुरमाची एक सोडून दिलेली खाण आहे. तिथे तांदूळ गाडायचं ठरलं. पोर्टाकडून एक अधिकारी आला, जिल्ह्यातलेही आले. चहा पाजणारे साहेब सर्वांत पुढे, तोंडाला रुमाल. पोती फाडायला माणसं हवी होती, म्हणून मावशी आणि तिच्या बायांना मजुरीवर बोलावलं. त्या आल्या. जेसीबीने खड्ड्यात ढीग लोटला. पॉलिश झालेला आणि न झालेला, दोन्ही एकत्र. वरून पाहिलं तर काळ्या चिखलात दुधाचे पट्टे मारल्यासारखं दिसत होतं.

बातमी पसरली होती. जवळच्या वस्तीतली माणसं घमेली, बादल्या घेऊन काठावर जमली. एक म्हातारी अधिकाऱ्याच्या पाया पडायला लागली, "साहेब, कोंबड्याईले तरी द्या जी." अधिकारी बिचारा गोंधळला. तेव्हा मावशी खड्ड्यातून ओरडली, "कोंबडी मरंल, अन् मंग तू तिले शिजवून खाशीन! जाय घरी!" म्हातारी मागे सरली, पण गेली नाही. शेवटी कुणी ते उचलू नये म्हणून ढिगावर फिनाईल अन् जळकं ऑइल ओतलं. तो वास, आणि वर दुपारचं ऊन. काठावरची माणसं तरीही बराच वेळ तशीच उभी होती, रिकामी घमेली धरून. त्यांना पाहून मला किळस आली नाही. किळस आली ती आमच्या बाजूला उभ्या असलेल्या इस्त्रीच्या कपड्यांची.

आणि छोटे शेठ? त्याने मास्क लावला, पिवळी टोपी घातली, खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि कुणाला तरी मोबाइल देऊन फोटो काढायला लावला. मला वाटलं, खात्याला पाठवायला असेल.

आठवडाभराने त्याने मला बोलावलं. कॉम्प्युटरवर कंपनीची नवी वेबसाइट उघडी होती. तोच फोटो, मोठा, वर. तो उत्साहात म्हणाला, "बायर लोगों को दिखाएँगे. हम क्वालिटी में कॉम्प्रोमाइज नहीं करते. माल खराब हुआ तो खुद नष्ट कर देते हैं. म्याडम, इसके नीचे दो लाइन अच्छी इंग्लिश में लिख दो. आपकी इंग्लिश अच्छी है."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तसंच घडलं. माणूस खोटं बोलतो ते मला समजतं. पण खोटं गिळून, पचवून, त्याचं रक्त करून अंगात फिरवतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, माझा डबा आणि छत्री घेतली आणि घरी आले. त्याने मागून विचारलंही नाही. बहुतेक त्या दोन ओळी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायच्या विचारात असावा.

आता मी घरीच बसून लहान दुकानदारांचे जीएसटीचे कागद करते. मिल जोरात चालू आहे. उसन्या तांदळावरचा कर पुढे सरकारने काढला; जहाजं पुन्हा जातात. वेबसाइट मी एकदा उघडून पाहिली. फोटो अजून आहे. खालची इंग्रजी चांगली आहे.

मला मात्र बरेच महिने भात खाता आला नाही. पोळी खायची. आई कामठ्याहून नवा तांदूळ घेऊन आली, स्वतः शिजवला, वर तूप घातलं. मी ताट समोर घेऊन बसले आणि हात पुढे जाईना. आईला आधी राग आला. धानाच्या घरची पोर तांदूळ खात नाही म्हणजे काय? मग तिने ताट आपल्याकडे ओढलं आणि स्वतः जेवायला लागली. जेवता जेवता म्हणाली, "भुक लागंल तवा खाशीन." लागली, आणि खाल्लाही. पण अजून पहिला घास तोंडात घालण्याआधी मी तो नाकाशी नेते.

परवा स्टेशनावर मावशी भेटली. सालेकशाकडच्या पॅसेंजरची वाट पाहत फलाटावर बसली होती. आता ती दुसऱ्या मिलमध्ये जाते. मी शेजारी बसले. तिने लेकीच्या लग्नाचं सांगितलं, यंदा मोह कमी पडल्याचं सांगितलं.

"तो ठेकेदार दिसतो का कधी?" मी विचारलं. "पांढऱ्या बुटाचा?"

"येते नं. आमच्या मिलमंदीच येते."

"अन् त्याला देतात तो तांदूळ कसा असतो?"

गाडी फलाटाला लागत होती. मावशी उठली, पिशवी खांद्यावर घेतली, रुळांकडे तोंड करून थुंकली, आणि डब्यात चढली.